कंडक्टर नसलेल्या गाड्या

जुन्या जालन्यात आम्ही भाड्यानं राहायचो त्या खोल्यांच्या खाली चाचांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पाठ उघडी टाकलेले टीव्ही, कथील वितळल्याचा वास, आणि कोपऱ्यात एक धडधाकट टीव्ही, ज्यावर गल्लीतली पोरं व्हिडिओ गेम खेळायची. मुलींनी तिथं बसायचं नाही असा नियम कुणी केला नव्हता, पण तो सगळ्यांना पाठ होता. आमचा जिना दुकानाच्या आतूनच वर जायचा. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचे. पायरीवर बसलेल्या मुलीला दुकानात बसलेली म्हणता येत नाही, असं मी आईला ठणकावून सांगितलं होतं, आणि आईकडे त्या दिवसांत वाद घालण्याचं त्राण नव्हतं.

त्या दिवसांत म्हणजे बाबांनी बस सोडली त्यानंतरच्या दिवसांत.

बाबा बसचे ड्रायव्हर होते. मी सातवीत जाईपर्यंत होते. तेव्हाच्या बसचं आता समजावून सांगावं लागतं, कारण दोरी जाऊन बटणं आली आणि बटणंही बिघडून गेली. बसच्या छताखालून शेवटपर्यंत एक दोरी गेलेली असायची. मागून कंडक्टरनं ती ओढली की पुढं ड्रायव्हरच्या डोक्याशी घंटी वाजायची. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. दार मागच्या बाजूला. कोण चढलं, कोण उतरलं हे ड्रायव्हरला खच्चून भरलेल्या गाडीत दिसत नाही. तो डबल बेल ऐकतो आणि गाडी सोडतो. ‘पुढचे डोळे माझे, मागचे डोळे त्याचे,’ असं बाबा म्हणायचे.

‘त्याचे’ म्हणजे कंडक्टरकाकांचे. बाबांची आणि त्यांची ड्युटी कित्येक वर्षं एकत्र लागायची. लागायची नाही, ते लावून घ्यायचे. एकाची भाकरी, दुसऱ्याची भाजी, मुक्कामी गाडी असली की दोघं बसच्या टपावर शेजारी शेजारी झोपायचे. दिवाळीत त्यांच्या घरून फराळाचा डबा यायचा, झाकणावर काकूंचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेला. आई तो ठेवून घ्यायची आणि चार दिवसांनी आमच्या फराळानं भरून परत पाठवायची. आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, हे आमच्याकडे पोरींना बोलता यायच्या आधी शिकवतात.

त्या वर्षीचा डबा आमच्याकडेच होता, तेव्हा ते झालं.

आष्टीचा बाजार होता. संध्याकाळची गाडी, पायरीपर्यंत माणसं, पिशव्या, कोंबड्या. आष्टीच्या थांब्यावर एक म्हातारी मागच्या दारानं उतरत होती. तिचं गाठोडं खाली गेलं होतं, एक पाय खाली, एक पाय पायरीवर. बाबांनी गाडी सोडली. म्हातारी पडली आणि मागचं चाक तिच्यावरून गेलं. बाबांना फक्त एक हिसका कळला. खडा आला असेल असं वाटलं, असं ते नंतर म्हणाले.

ते घरी आले ते दुसऱ्या दिवशी. मोरीत हातपाय धुतले, जेवायला बसले, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, “बेल झाल्ती.”

काकांनी जबाबात सांगितलं, मी बेल दिली नाही. गाडीत दोरीला लोंबकळणारी पोरं होती, उभी माणसं तोल सांभाळायला तीच दोरी धरायची. कुणाचाही हात लागला असेल. काही प्रवासी म्हणाले वाजली, काही म्हणाले नाही, आणि बरेचसे म्हणाले आम्हाला साक्षीत घेऊ नका. चौकशी झाली, दोघंही सुटले. काकांनी मंठ्याकडे बदली करून घेतली. बाबांनी गाडी चालवायला नकार दिला, तेव्हा त्यांना डेपोतच टायरच्या कामावर घेतलं. पुढची सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्यांच्या चाकांत हवा भरली.

मी रडले नाही. आईही माझ्यासमोर रडली नाही. आमच्या घरात कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं असं मला आता वाटतं, पण ओरडायला कुणाचा तरी दोष सापडावा लागतो. मला तो सापडला होता. मला काकांचा राग होता, पक्का, मुरलेला. पण बाबा मधेच, जेवताना, बनियन वाळत घालताना, कुणाकडेही न बघता म्हणायचे, “बेल झाल्ती.” आणि आम्ही दोघी गप्प बसायचो. हो म्हणायला आम्ही बसमध्ये नव्हतो. नाही कसं म्हणायचं? डबा फळीवर होता. रिकामा परत करता येत नव्हता आणि भरायला आईचा हात होत नव्हता. ती दर दिवाळीला घासायची, पुसायची, परत तिथंच ठेवायची.

खाली चाचांच्या दुकानात मात्र दिवस नेहमीसारखे जात होते. चाचांचा धाकटा भाऊ सौदीत होता. तो सुटीवर आला की भावजयीसाठी ब्लँकेट, अम्मीसाठी जपाची तसबीह आणि दुकानासाठी नवा व्हिडिओ गेम आणायचा. त्यातलाच एक छोट्या गाड्यांच्या शर्यतीचा. गाडी म्हणजे चार चाकं आणि वर बसलेलं कोणीतरी, एक माकड, एक कासव, असेच सगळे. आठ गाड्या सुटायच्या. वाटेत चौकोन लागायचे, त्यातून केळीचं साल निघे, नाहीतर फेकायला कासवाची पाठ. आधी कित्येक दिवस ती क्यासेट दुकानातल्या टीव्हीवर काळी-पांढरीच दिसायची. चाचांनी आत काय केलं कोण जाणे, एका दुपारी रस्ता अचानक पिवळा झाला आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या.

या पहिल्या गेममधली सगळी जमीन सपाट होती. सतरंजी अंथरावी तसा रस्ता अंथरलेला, आणि वळण घेतलं की गाडी वळायची नाही, सतरंजीच गर्रकन फिरायची. चढ नाही, उतार नाही. मला ते फार आवडायचं. पायरीवर बसूनबसून मी एवढं शिकले की एका दिवशी चाचांनी एका पोराच्या हातातला रिमोट घेऊन माझ्याकडे दिला. “ले बेटा, तू दिखा इनको.” मी दाखवलं. त्या पोरांपैकी दोघं तरी आजही माझ्याशी नीट बोलत नाहीत.

बाबा डेपोतून आले की याच दुकानातून वर जायचे. एके दिवशी ते थांबले. चाचा म्हणाले, “बैठो नं ड्रायव्हर साब.” अपघातानंतरही चाचा त्यांना ड्रायव्हर साबच म्हणायचे. मला वाटायचं त्यांनी म्हणू नये. बाबा बसले नाहीत, दारात उभे राहून बघत राहिले. पडद्यावर सिग्नल लाल होता, मग हिरवा झाला, आणि आठही गाड्या उधळल्या.

“यांचा कंडक्टर कुठंय?” बाबा म्हणाले.

पोरं हसली. चाचाही हसले. बाबा हसत नव्हते. त्यांना खरंच विचारायचं होतं.

“यात कंडक्टर नसतो, बाबा,” मी म्हणाले.

“मंग सुटल्या कशा?”

“सिग्नल पडला की सुटतात.”

“सिग्नलला काय कळतंय मागं कोण हाय ते,” असं म्हणून ते जिना चढून गेले. मी सगळ्या पोरांवर डोळे वटारले. मग पुढची शर्यत खेळले आणि जिंकले.

पुढं मी बारावी झाले, कॉलेजात गेले. चाचांचा भाऊ मधे दोन-तीनदा येऊन गेला आणि त्याच गाड्यांचा दुसरा गेम घेऊन आला. याचा रिमोट तीन पायांचा. दोन हात असलेल्या माणसानं तो धरायचा कसा, यावरच पोरांनी पहिली दुपार घालवली. आता सतरंजी गेली होती. रस्त्याला चढ आले, उतार आले, दऱ्या आल्या, पूल आले. एका टीव्हीचे चार तुकडे करून चार जण एकदम खेळायचे आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या तुकड्यात डोकावून ‘चीटिंग, चीटिंग’ ओरडायचा. तरीही गाडीवर माणूस एकच. हे मी बघून ठेवलं होतं. का बघून ठेवलं ते मला तेव्हा विचारलं असतं तर मी चिडले असते.

त्या गेममध्ये एक रस्ता असा होता की त्यावर रहदारी होती. ट्रक, टँकर, कार, आणि बस. आपली छोटी गाडी त्यांच्यामधून काढायची. मी तोच रस्ता खेळत होते तेव्हा बाबा डेपोतून आले आणि या वेळी स्टूल ओढून बसले. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला नुसतं अवघडल्यासारखं झालं. त्यांचं लक्ष माझ्या गाडीकडे नव्हतं. ते बसकडे बघत होते. बस एकाच चालीनं चालली होती, ना कुणाला वाट देत होती, ना कुणाला दाबत होती.

“या बसला थांबा न्हाई का कुठं?”

“नाही. ती फिरतच राहते.”

“चांगलंय,” बाबा म्हणाले.

तेवढ्यात माझा अंगठा सरकला आणि माझी गाडी सरळ बसच्या पुढ्यात गेली. गाडी उडाली, गोल गोल फिरली, रस्त्यावर आपटली. बाबा उभे राहिले होते. गाडी सरळ झाली आणि परत पळायला लागली.

“उठली?”

“उठते, बाबा. यात सगळे उठतात.”

 मग त्यांनी स्टूल जागच्या जागी सरकवून ठेवलं आणि वर गेले. मी शर्यत अर्धी सोडली नाही. शेवटची आले. मागं पडणाऱ्याला या गेममध्ये चौकोनातून चांगल्या वस्तू मिळतात, पुढच्याला फुटकळ. जगात असं कुठं असतं मला माहीत नाही, आमच्या गल्लीत तरी नव्हतं.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, “बेल झाल्ती.” आईनं त्यांच्या ताटात वरण वाढलं.

मधे याच गाड्यांचा एक तळहातावर मावणारा गेम आला. सेलवर चालायचा. त्यात जमीन पुन्हा सपाट झाली होती आणि पहिल्या गेममधले जुने रस्ते त्यात लपवून ठेवलेले होते. चाचांच्या भावानं मला तो दोन दिवस खेळायला दिला. मी जुना पिवळा रस्ता काढला आणि मला काहीच वाटलं नाही. लहानपणची गोष्ट परत भेटली की माणसाला भरून येतं म्हणतात. मला नुसतं दिसलं की वळणं अजून पाठ आहेत.

एव्हाना मला बियाण्यांच्या एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली होती आणि मी स्कूटी घेतली होती. बाबा रिटायर झाले. इतकी वर्षं बस चालवलेला माणूस, पण स्कूटीच्या पुढं बसेना. दवाखान्यात जायचं असो की बाजारात, मी चालवायची आणि ते मागं. मागं नीट बसले की माझ्या खांद्यावर बोटानं दोनदा ठोकायचे. त्याआधी मी गाडी सोडली तर सगळा रस्ता बोलायचे नाहीत. एकदा नव्या जालन्याच्या पुलावर मी भांडलेही. म्हटलं, “बाबा, आरशात दिसताय तुम्ही मला, बसलाय ते.” ते म्हणाले, “आरशावर जाऊ नको.”

मग चाचांच्या दुकानात कॉम्प्युटर आले. पोरं गेम सोडून चॅटिंगला बसायला लागली. त्याच वर्षी सौदीवाल्या भावानं शेवटचा गेम आणला. चौकोनी डबा, वर उचलायला कडी, टिफिनच म्हणा. आत छोटी सीडी. दुकानात त्याला जागाच उरली नव्हती. चाचांनी तो जिन्यावरून वर आणून आमच्या टीव्हीखाली ठेवला. “खेलती रह बेटा. नीचे तो सब इंटरनेटवाले हो गए.” मी तेव्हा पंचविशीची. लग्नाचं बघून राह्यलेत म्हणून आई सगळ्यांना सांगत होती आणि मी ऑफिसातून येऊन गाड्यांची शर्यत खेळत होते. आईच्या कपाळावरच्या आठ्या मी न बघायला शिकले होते.

त्या गेममध्ये एका गाडीवर दोघं होते.

पहिल्यांदा पडद्यावर ते दिसलं तेव्हा मी रिमोट खाली ठेवला. एक पुढं बसून गाडी चालवतो, दुसरा मागं गाडीला धरून उभा. वस्तू फेकायचं काम मागच्याचं. दोन रिमोट जोडले तर दोन माणसं एकच गाडी चालवू शकतात. सिग्नल हिरवा होताना दोघांनी एकदम बटण दाबलं तर गाडी जोरात सुटते. जागा बदलायची तर तीही दोघांनी दाबलं तरच बदलते, एकट्याच्या मनानं नाही.

“बाबा,” मी हाक मारली. “कंडक्टर आला.”

ते बाजेवर पडले होते. उठून आले, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. “आला का,” म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज इतका साधा ऐकला नव्हता.

तेव्हापासून आम्ही रोज चहाच्या वेळी खेळायचो. लाइट असली तर. लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरात यायचं आणि लाइट ते वाचत नसे. मी पुढं, बाबा मागं. सिग्नल पडताना ते नखानं रिमोटवर दोनदा ठोकायचे, टक टक, आणि मगच बटण दाबायचे, त्यामुळे आमची गाडी कधीच जोरात सुटली नाही. आणि ते काही फेकायचे नाहीत. हातात केळीचं साल, मागून तीन गाड्या येतायत, मी ओरडतेय, “फेका बाबा, फेका!” आणि ते शांतपणे म्हणायचे, “कंडक्टर लोकांवर फेकतो का कधी?” सालं हातात घेऊन आम्ही सातवे यायचो. त्यातच समाधान.

पण मला ते पुढं बसायला हवे होते. मला दुसरं काही नकोच होतं. खरी बस नाही, स्कूटी नाही, निदान ही खेळण्यातली गाडी त्यांनी एकदा तरी चालवावी. हात अजून तेच होते, रुंद, बोटांच्या पेरांवर घट्टे पडलेले. मधेच, सरळ रस्त्यावर, मी माझं जागा बदलायचं बटण दाबून धरायचे. “बाबा, दाबा. या पुढं.” ते दाबायचे नाहीत. माझं एकटीचं बटण दाबलेलं राहायचं आणि गाडी कशालातरी धडकायची. “न्हाई,” ते म्हणायचे. एवढंच. कित्येक महिने.

कंडक्टरकाका आले ते अशाच एका चहाच्या वेळी.

दार उघडंच होतं. आधी चाचांचा आवाज आला, “ऊपर ही हैं, जाओ,” आणि मग जिन्यावर सावकाश पावलं. त्यांच्या हातात पिशवी होती, पिशवीत लग्नपत्रिका. धाकट्या मुलीचं लग्न. आमच्याकडे घरचं कार्य असलं की अबोला धरलेल्यालाही स्वतः जाऊन पत्रिका द्यावी लागते, नाहीतर लोक कार्य करणाऱ्यालाच नावं ठेवतात. ते त्यासाठीच आलेत, दुसऱ्या कशासाठी नाही, असं मी मनात पक्कं करून टाकलं. केस पांढरे झाले होते. बोटात जाड चांदीची अंगठी मात्र तीच होती. लहानपणी ते ती माझ्या अंगठ्यात घालून बघायचे.

त्यांनी पत्रिकेवर अक्षता ठेवून ती बाबांच्या हातात दिली. “समद्यांनी यावं लागतंय.”

“येऊ,” बाबा म्हणाले.

आणि संपलं. दोघं बाजेवर शेजारी बसले आणि टीव्हीकडे बघत राहिले, जणू टीव्हीनंच काही बोलावं. पडद्यावर आमची थांबवलेली गाडी होती. पंखा फिरत होता. आई आतून आली. तिच्या हातात काकूंचा डबा होता, चिवड्यानं भरलेला. दिवाळी जवळ आली होती, चिवडा ताजा होता. तिनं तो दोघांच्या मधे बाजेवर ठेवला आणि काहीही न बोलता आत गेली. काकांनी झाकणावरच्या नावावरून बोट फिरवलं. खाल्लं मात्र कुणी नाही.

ती शांतता मला सहन झाली नाही. माझा स्वभावच तो. मी माझा रिमोट काकांच्या हातात कोंबला. “चहा होईस्तोवर खेळा. बाबा मागं असतात. तुम्ही पुढं.”

काकांनी रिमोट उलटासुलटा करून बघितला. “ह्ये काय?”

“गाडी चालवायची,” मी म्हणाले. “दोघांची एक गाडी आहे.”

 काका म्हणाले, “मला गाडी कुठं येती? जल्माचा मागं उभा राह्यलेला मानूस.” आणि त्यांनी तो रिमोट बाबांपुढं धरला. बाबांनी घेतला नाही. काकांनीही हात मागं घेतला नाही. शेवटी त्यांनी दुसऱ्या हातानं बाबांच्या मुठीतला रिमोट काढून घेतला आणि माझा, पुढच्याचा, तिथं ठेवला. जागा अशी बदलली. बटण लागलं नाही.

मी शर्यत पुन्हा पहिल्यापासून लावली. स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिले. मागं चहा उकळत होता.

सिग्नल लाल झाला. हिरवा झाला. सगळ्या गाड्या निघून गेल्या. आमची गाडी रेघेवरच उभी. रस्ता रिकामा झाला, आवाज लांब गेला, तरी उभी. बाबांचा अंगठा बटणावर होता, दाबत नव्हता. मला वाटलं ते रिमोट खाली ठेवतील. मग त्यांनी मान वळवली आणि पडद्याकडे नाही, काकांकडे बघितलं. बसमध्ये त्यांनी कधी मागं वळून बघितलं नव्हतं. ते त्यांचं काम नव्हतं.

“उतरले का समदे?” बाबांनी विचारलं.

 पहिल्या गाड्या एक फेरी मारून आमच्या शेजारून निघून गेल्या.

“उतरले,” काका म्हणाले. “आज बघितलं मी.”

 काकांची मान खाली गेली होती. “त्या दिशी न्हाई बघितलं. गर्दी व्हती, उशीर झाल्ता. वढली दोरी.” त्यांनी नाक पुसलं. “पोरीबाळी व्हत्या रे मला.”

मी या वाक्याची इतकी वर्षं वाट बघत होते की ते आल्यावर काय करायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. काकांना जिन्यावरून हाकलायचं, असं काहीतरी. मी दाराला धरून उभी राहिले. आत काहीच हललं नाही. चहा उतू जाऊन गॅसवर चरचरला तेही मी नुसतं ऐकलं.

 बाबांनी काकांवरची नजर हटवून समोर बघितलं आणि ते थांबले. ते कशासाठी थांबलेत हे मला कळायच्या आधी काकांना कळलं. त्यांनी हात लांब करून अंगठीनं डब्याच्या झाकणावर दोनदा ठोकलं. टिंग, टिंग.

बाबांनी गाडी सोडली.

चांगली चालवली. वळणावर वेग कमी केला, पुलावर मधून घेतली, कुणाला घासली नाही. फार मागं होतो, पुढं कुणीच दिसत नव्हतं. बाकीच्या गाड्या केव्हाच पोचून गेल्या तरी ते घाई न करता चालवत राहिले आणि रेघेच्या पलीकडं नेऊन उभी केली. मग रिमोट बाजेवर ठेवला.

काका चहा न घेता उठले. बाबा जिन्यापर्यंत गेले, खाली गेले नाहीत. आईनं चिवड्याचा डबा झाकण घट्ट लावून काकांच्या पिशवीत ठेवला, पत्रिकांच्या वर. त्यांची पावलं उतरत गेली. दुकानात चाचांनी त्यांना काहीतरी विचारलं, उत्तर ऐकू आलं नाही.

रात्री आम्ही तिघं जेवायला बसलो. लाइट होती. फळीवर डब्याच्या जागी गोल, फिकट डाग पडलेला होता. मी वाट बघत होते, बाबा आता म्हणतील. ते भाकरी मोडत होते, खाली बघून, नेहमीसारखे. म्हणाले नाहीत.

आईनं त्यांच्या ताटात वरण वाढलं, पळी तशीच हातात धरून थांबली आणि म्हणाली, “बेल झाल्ती.”

“हां,” बाबा म्हणाले. “झाल्ती.”